पिंप भरल्यावर पाणी कुठे जाईल? घराबाहेरच्या कामांसाठी अ‍ॅप आखताना

अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचे, फाटकाचा गंज खरवडून रंग द्यायचा, परसात वाफे करायचे, गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत घ्यायचं. ही कामं स्वतःच्या हाताने करायची हौस आपल्याकडे पुष्कळांना आहे. अडलं की माणूस फोन काढतो आणि व्हिडिओ शोधतो. त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंत घर लाकडी असतं, समोर हिरवळ असते आणि दुकानात सगळे भाग तयार मिळतात. आपल्याकडे आरसीसीची गच्ची, खाली मुरूम नाहीतर काळी माती, आणि वर चार महिन्यांचा पावसाळा. म्हणून आपल्या घरांसाठी, आपल्या भाषेत असं अ‍ॅप आखावं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा लेख लिहितो आहे. कोड येत नसला तरी चालेल. कोडच्या आधीचं काम मोठं आहे आणि इथे मुख्यतः त्याबद्दलच सांगणार आहे.

मी असा आराखडा पहिल्यांदा केला तेव्हा पाणी साठवण्याच्या कामाचे सात पडदे, म्हणजे फोनवर एकेका वेळी दिसणारी पानं, कागदावर काढले होते. टाकी निवडा, जागा निवडा, पाईप जोडा, झालं. शेजारच्या काकूंना ते दाखवले. त्यांनी शांतपणे सगळे कागद पाहिले आणि विचारलं, "अरे, पिंप भरल्यावर पाणी कुठे जाईल?" माझ्या सातही पडद्यांत याचं उत्तर नव्हतं. पुढे हिशेब मांडल्यावर कळलं की या कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता. या लेखात तेच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो: स्वतःचं घर, १,००० चौरस फुटांची गच्ची आणि ५०० लिटरची टाकी.

पायरी १: एक काम, एक घर, एक मोसम

पहिल्या आवृत्तीत "घराबाहेरची सगळी कामं" घेऊ नका. एकच काम घ्या आणि ते कुणाच्या घरी होणार हे ठरवा. पुण्याजवळच्या रो-हाउसमधलं जोडपं आणि रत्नागिरीतल्या कौलारू घरातलं कुटुंब यांना पाणी साठवण्याचं काम वेगवेगळं पडतं. एकाकडे सपाट गच्ची आणि खाली उतरणारा चार इंची पाईप असतो. दुसऱ्याकडे पागोळ्या असतात आणि आधी पन्हळ लावावी लागते. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीत ३,००० मिलिमीटरच्या वर. तिकडे टाकी दिवसात कितीदा भरून वाहील याचा विचार आधी करावा लागतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना पहिल्या आवृत्तीतून वगळा असं मी सुचवेन. गच्ची सोसायटीची असते, तिथे पाईप कापण्याआधी कमिटीची परवानगी लागते, आणि हा वेगळाच प्रवास आहे.

मोसम हाही आराखड्याचा भाग धरा. भारतीय हवामान विभागाने २०२०मध्ये मान्सूनच्या सरासरी तारखा सुधारल्या. त्यानुसार मुंबईत मान्सून ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. टाकीखाली काँक्रीटचा ओटा करायचा असेल तर त्यावर किमान ७ ते १० दिवस पाणी मारावं लागतं. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत ओटा ओतून झाला पाहिजे. जूनच्या पहिल्या आठवड्यात कुणी अ‍ॅप उघडलं तर त्याला तोच मजकूर दाखवून उपयोग नाही. "या वर्षी ओट्याऐवजी तयार चौथऱ्यावर किंवा पक्क्या फरशीवर टाकी ठेवा" असं सांगता आलं पाहिजे. शिवाय विदर्भात मे महिन्यात दुपारी बाहेर काम करायला सांगणं चुकीचं आहे. नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तिथल्या वापरणाऱ्याला कामाची वेळ सकाळी सहा ते दहा अशी सुचवा.

पायरी २: काम स्वतः करा, मग पाहा

जे काम तुम्ही अ‍ॅपमधून शिकवणार ते एकदा स्वतः करा, आणि एकदा जाणत्या माणसाला करताना पाहा. प्लंबर किंवा गवंडी काम करत असताना त्याच्या शेजारी उभे राहा. त्याची मजुरी बुडेल अशा वेळी प्रश्न विचारू नका, चहाच्या वेळेला विचारा. मी तीन गोष्टी लिहून घेत असे: तो कुठे थांबून पाहतो, कशाला हात लावून पाहतो, आणि काय ऐकतो.

एक उदाहरण. पाईपची जोडणी करताना प्लंबर सोल्युशन (पाईप चिकटवायचा द्रव) लावायच्या आधी सगळे तुकडे कोरडेच जोडून पाहतो आणि पाईप व एल्बोवर (पाईप वळवणारा कोपऱ्याचा तुकडा) पेन्सिलने एक सलग रेघ ओढतो. सोल्युशन लावल्यावर काही सेकंदांत जोड धरतो, तेव्हा एल्बो कोणत्या बाजूला वळला पाहिजे हे त्या रेघेवरून कळतं. कुठल्याही साहित्याच्या यादीत पेन्सिल नसते, पण नवशिक्याचा एल्बो हमखास इथेच तिरका बसतो. अ‍ॅपमध्ये ही स्वतंत्र पायरी हवी.

शब्दही तिथेच मिळतात. बाजारात ११० मिलिमीटरचा पाईप मागणारा माणूस क्वचितच दिसेल. सगळे "चार इंची" म्हणतात. जमिनीचा किंवा फरशीचा उतार म्हणजे "ढाळ", उभी रेषा तपासायला "ओळंबा", काटकोन पाहायला "गुण्या", दोन लांबच्या जागांची पातळी जुळवायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कोकणात दगड रचून केलेल्या कुंपणाला गडगा म्हणतात आणि काटक्यांच्या कुंपणाला वई. प्रदेशानुसार शब्दांची एक वही ठेवा. ही वही पुढे अ‍ॅपच्या शोधपट्टीला लागणार आहे, कारण माणूस "गडगा" शोधेल आणि तुमचा मजकूर "दगडी कुंपण" असेल तर त्याला रिकामा पडदा दिसेल.

पायरी ३: हिशेब आधी, पडदे नंतर

घराबाहेरच्या कामात आकडेमोड चुकली की पैसा जातो, आणि कधी भिंत जाते. म्हणून कामाचा हिशेब वहीत पूर्ण सोडवा आणि मगच पडदे काढा.

आपल्या उदाहरणाचा हिशेब असा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १,००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. १० मिलिमीटरची एक सर आली की गच्चीवर ९३० लिटर पाणी पडतं. त्यातलं काही फरशीत मुरतं, काही उडतं, काही सांडतं. हे सगळं वजा जाता साधारण ८० टक्के हाती येतं असं मानतात, म्हणजे जवळजवळ ७४० लिटर. ५०० लिटरची टाकी अवघ्या ७ मिलिमीटर पावसात भरते. पावसाळ्यात इतका पाऊस पुष्कळ वेळा अर्ध्या तासात पडतो.

इथे काकूंच्या प्रश्नाचं वजन कळतं. टाकी भरून वाहणं ही रोजची गोष्ट आहे. ते पाणी पायाशी साचलं तर भिंतीला ओल येते, आणि काळी माती असेल तर ती फुगते आणि आकसते, त्यातून जोत्याला तडे जातात. म्हणून माझ्या दुसऱ्या आराखड्यात क्रम उलटा झाला. आधी जादा पाण्याची वाट, मग टाकीची जागा, आणि त्यानंतरच टाकी. "टाकी निवडा" हा पडदा पहिल्यावरून पाचवा झाला.

दुसरा हिशेब पहिल्या पावसाच्या पाण्याचा. गच्चीवरची धूळ, पानं, पक्ष्यांची विष्ठा पहिल्या सरीबरोबर खाली येते. ते पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. पहिला एक मिलिमीटर सोडून द्यायचा म्हटलं तरी आपल्या गच्चीवर ते ९३ लिटर होतं. व्हिडिओंत यासाठी तीन फुटांचा उभा पाईप दाखवतात, त्याच्या तळाला झाकण. चार इंची पाईपात मीटरला साधारण साडेआठ लिटर पाणी मावतं, म्हणजे त्या तीन फुटांत जेमतेम आठ लिटर. ९३ लिटर मावायला जवळपास ११ मीटर पाईप लागेल. तेव्हा आपल्या गच्चीला तो उपाय पुरत नाही. सोपा मार्ग असा की टाकीकडे वळणारा तुकडा सोल्युशनने न चिकटवता रबर रिंगवर फिरता ठेवायचा आणि पहिल्या एक-दोन सरी बाहेर सोडायच्या. अ‍ॅपने इथे फक्त गच्चीचं माप विचारावं आणि दोन्ही उपायांत किती पाणी धरलं जातं ते शेजारी-शेजारी दाखवावं. आकडे पाहून माणूस स्वतः ठरवतो.

गणकयंत्राचा पडदा करताना उत्तर नेहमी दुकानाच्या भाषेत द्या. "पाईप ४.३ मीटर" हे बरोबर असलं तरी दुकानात पाईप ठरावीक लांबीच्या नगातच मिळतो. वाळू-खडी ब्रासवर मिळते. इथे एक सापळा आहे: ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण फरशी आणि गिलाव्याच्या कामात ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. अ‍ॅपमध्ये नुसतं "१ ब्रास" कधीही लिहू नका. "१ ब्रास खडी, १०० घनफूट" असं पूर्ण लिहा.

पायरी ४: एका पायरीचा पडदा

आता पडदे काढायला घ्या. कागद आणि पेन्सिल पुरेशी आहे. प्रत्येक पायरीच्या पडद्यावर चारच गोष्टी असाव्यात असं माझं ठाम मत आहे.

एक फोटो, ज्यात काम करणारे हात दिसतात. एक वाक्य, जे क्रियापदावर संपतं: "पाईपवर सलग रेघ ओढा." त्याखाली "असं दिसलं की पुढे जा", आणि त्याखाली "असं दिसलं तर थांबा". शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक मार्गदर्शकांत नसतात, आणि नवशिक्या नेमका तिथेच एकटा पडतो. टाकी ठेवायचा ओटा समतल झाला का? "ओटा समतल असावा" हे वाक्य त्याला काहीच सांगत नाही. "ओट्यावर तांब्याभर पाणी ओता. पाणी एकाच बाजूला धावत गेलं तर थांबा" हे त्याला लगेच करून पाहता येतं. चुकीच्या ओट्याचाही फोटो द्या. बरोबरच्या फोटोपेक्षा माणूस चुकीच्या फोटोशी स्वतःचं काम जास्त बारकाईने ताडून पाहतो.

भाषा आज्ञार्थी आणि आदरार्थी ठेवा: कापा, लावा, पाहा, थांबा. "क्लिक करा"च्या जागी "दाबा", "सबमिट"च्या जागी "पाठवा". पण पाईप, एल्बो, टी, सोल्युशन, ड्रिल हे शब्द तसेच राहू द्या. ते आता मराठीच आहेत, आणि शब्दकोशातून काढलेले प्रतिशब्द घेऊन कुणी दुकानात गेला तर रिकाम्या हाताने परत येईल.

साहित्याची यादी हा स्वतंत्र पडदा करा आणि ती एका बटणाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता आली पाहिजे. लोक खरेदी अशीच करतात. हार्डवेअरच्या दुकानदाराला यादी पाठवायची, तो भाव सांगतो, मग जाऊन उचलायची. यादी साध्या मजकुरात जाऊ द्या: "चार इंची एल्बो, ३ नग. रबर रिंग, ४ नग. सोल्युशन, लहान डबा १." चित्रात पाठवली तर दुकानदाराला त्यातली ओळ खोडता येत नाही.

काम एका रविवारी संपत नाही. पुढच्या रविवारी अ‍ॅप उघडल्यावर माणूस थेट त्याच पायरीवर आला पाहिजे, आणि वर एक ओळ दिसली पाहिजे: "मागच्या वेळी तुम्ही ओट्यावर पाणी मारायला सुरुवात केली होती. आज आठवा दिवस." फोन काय करू शकतो याचा हा चांगला उपयोग आहे. घड्याळाचा आणखी एक उपयोग जादा पाण्याच्या पायरीत होतो. शोषखड्डा करायच्या आधी जमीन पाणी पिते का ते पाहायचं असतं. फूटभर खोल खड्डा घ्या, आधी एकदा भरून माती भिजू द्या, मग पुन्हा भरा आणि पातळी किती वेळात किती उतरते ते मोजा. अ‍ॅप इथे घड्याळ लावून देऊ शकतं आणि मधल्या वेळी पट्टी धरून माप विचारू शकतं. पाणी तासनतास हललंच नाही तर शोषखड्ड्याची वाट बंद करून पाणी गटारीकडे किंवा बागेच्या चराकडे वळवायला सांगा.

पायरी ५: थांबा म्हणणारे पडदे

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या. घरातला माणूस आपल्या भरवशावर शिडीवर चढणार आहे, जमीन खणणार आहे. अ‍ॅपला नाही म्हणता आलं पाहिजे.

मी कामांचे तीन रंग करतो. हिरवं म्हणजे स्वतः करा. पिवळं म्हणजे सोबत कुणीतरी हवं, किंवा आधी एखादी गोष्ट तपासली पाहिजे. लाल म्हणजे अ‍ॅप पुढची पायरी दाखवणारच नाही, कुणाला बोलवायचं ते सांगेल. रंगाबरोबर शब्द आणि चिन्हही द्या, कारण लाल-हिरवा फरक न दिसणारे पुष्कळ पुरुष असतात.

लाल यादीत माझ्याकडे हे आहे. सेप्टिक टँकचं झाकण उघडून आत उतरणं: त्यात विषारी वायू साचतात आणि वाचवायला उतरलेलाही दगावतो. विजेच्या तारांखाली किंवा जवळ लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची शिडी लावणं. मातीचा दाब अडवणारी भिंत बांधणं. मीटरजवळचा अर्थिंगचा खड्डा उकरणं. आणि गच्चीवर जाड मातीचे वाफे करणं. शेवटच्या गोष्टीचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं, म्हणून अ‍ॅपमध्ये कारण आकड्यासह द्या. लोक वावरतात अशा गच्चीचा वापर-भार, म्हणजे माणसं आणि सामान यांचं वजन, आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला १५० किलोच्या आसपास धरलेला आहे. फूटभर ओली माती चौरस मीटरला ५०० किलोपर्यंत जाते. कोकोपीट मिसळलेल्या हलक्या मिश्रणाच्या कुंड्या, त्याही कठड्याच्या आणि तुळईच्या कडेने, हा पिवळा पर्याय आहे. मोठ्या वाफ्यांसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यायला सांगा.

आपल्या टाकीलाही हे लागू होतं. भरलेली ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन. ती गच्चीवर ठेवायची नाही, जमिनीवर ठेवायची. ओटा इतकाच उंच की तोटीखाली बादली बसेल. त्याहून उंच विटांच्या थरावर टाकी ठेवणं लाल यादीत टाका. आसपास मुलं खेळत असतात.

खोदण्याच्या आधीचा पडदा पिवळा. कुंपणाच्या आत पाण्याची, गॅसची किंवा विजेची भूमिगत लाइन कुठून जाते ते विचारा आणि ठाऊक नसेल तर संबंधित कंपनीकडे चौकशी करायला सांगा. रस्ते खोदणाऱ्या संस्थांसाठी केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये "कॉल बिफोर यू डिग" हे अ‍ॅप सुरू केलं. केबल तुटू नयेत म्हणून आधी विचारण्याची ती पद्धत घरच्या कामालाही शिकवण्यासारखी आहे. शोषखड्डा पायापासून निदान १० फूट लांब घ्या, सेप्टिक टँकपासूनही दूर. खड्ड्याच्या आड झाड येत असेल तर शहरी भागात ते स्वतःच्या आवारातलं असलं तरी तोडायला १९७५च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हेही त्याच पडद्यावर हवं.

शिडीच्या पायरीत एक सोपं माप द्या: चार फूट उंचीला पाया भिंतीपासून एक फूट बाहेर. गच्चीवर काम करायच्या आधी आकाश तपासायला सांगा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं दामिनी अ‍ॅप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. आपल्या अ‍ॅपमधून तिकडे बोट दाखवणं पुरेसं आहे, ते काम पुन्हा करायची गरज नाही. आपत्कालीन पडद्यावर ११२, विजेसाठी १९१२ आणि दगडाखाली साप निघाला तर वन विभागाचा १९२६ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत ठेवा. हा पडदा नेटवर्क नसतानाही उघडला पाहिजे.

साठवलेलं पाणी पिण्यासाठी नाही, झाडांना, गाडीला आणि शौचालयाला आहे, ही ओळ टाकीच्या प्रत्येक पडद्यावर असू द्या. आणि डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आरोग्य खातं आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतं ते यासाठीच. टाकीच्या झाकणाला आणि जादा पाण्याच्या पाईपच्या तोंडाला बारीक जाळी ही वेगळी पायरी करा, आणि आठवड्याला एक आठवण पाठवा. अ‍ॅपने पाठवायची बाकी कुठलीही सूचना एकवेळ गाळली तरी चालेल, ही गाळू नका.

पायरी ६: ऊन, ओले हात आणि देवनागरी

तुमचं अ‍ॅप सोफ्यावर बसून वाचलं जाणार नाही. हाताला सिमेंट लागलेलं असेल, फोन कठड्यावर ठेवलेला असेल आणि पडद्यावर ऊन पडलेलं असेल. म्हणून पांढऱ्यावर गडद अक्षरं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक असा कॉन्ट्रास्ट (गडद-फिका फरक) मानला जातो, बाहेरच्या कामाला तो आणखी वाढवा. बटणं मोठी करा. अँड्रॉइडचं किमान माप ४८ डीपी (पडद्यावरची मापं मोजायचं एकक) आहे, मी "पुढे" बटण पडद्याच्या पूर्ण रुंदीचं ठेवतो. पायरी चालू असताना पडदा आपोआप बंद होऊ देऊ नका. पायरी मोठ्याने वाचून दाखवायची सोय ठेवा. मराठी वाचणारा आवाज अँड्रॉइडवर मिळतो.

मजकूर, फोटो, गणकयंत्र सगळं फोनमध्येच साठवा. पावसाळ्यात कोकणात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, आणि गळती तेव्हाच दिसते. व्हिडिओ दिलाच तर तो दहा-पंधरा सेकंदांचा, एकाच हालचालीचा द्या.

आता लिपी. "पायऱ्या" हा शब्द तुमच्या अ‍ॅपमध्ये शेकडो वेळा येणार आहे. त्यातला ऱ्य नीट टाइप केला नाही तर "पायर्या" दिसतं आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकतं. दोऱ्या, कोपऱ्यात, चऱ्या, सगळ्यांचं तेच. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा वेगळी असतात. काही फॉन्टमध्ये भाषेची खूण मराठी अशी लावल्यावरच ती दिसतात, तेव्हा प्रोग्रॅमरला ते आठवणीने सांगा. नोटो सान्स देवनागरी किंवा 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता हे मोफत फॉन्ट सुरुवातीला चांगले आहेत. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. बटणाची उंची ठरवताना "र्‍हस्व", "दुरुस्ती", "खिळ्यांची" असे वर-खाली पसरलेले शब्द टाकून पाहा.

मापं भरायच्या चौकटीत मात्र इंग्रजी आकडे दाखवा, कारण टेपवर तेच छापलेले असतात आणि माणूस टेपकडे पाहून भरतो. बोलून माप भरायची सोय दिलीत तर "दीड", "अडीच", "पावणेतीन", "सव्वाचार फूट" हे समजलं पाहिजे. आपल्याकडे कुणी "दोन पूर्णांक पंचाहत्तर" म्हणत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने अंतर मोजायचा मोह टाळा. पाईप कापायला टेपच लागते, आणि फोनवर आलेला अंदाज माणूस खरं माप समजून बसतो.

पायरी ७: कागदावरच तपासा

कागदी पडदे तयार झाले की पाच माणसं शोधा. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी २०००मध्ये मांडलं होतं की पाच जणांबरोबर केलेल्या चाचणीत बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. पाचांत तुमचे दोन मित्र, एक वयस्क गृहस्थ, घरची बाग सांभाळणारी एखादी बाई आणि एखादा प्लंबर असा मेळ ठेवा. प्लंबर तुमच्या चुका पकडेल, बाकीचे तुमची भाषा पकडतील.

चाचणी जागेवर, पाईपसमोर उभं राहून करा. एक पडदा हातात द्या आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. मदत करू नका. हे अवघड असतं, माणूस चुकीच्या दिशेने जाताना दिसतो आणि तोंडावर उत्तर येतं. तरी गप्प राहा आणि लिहून घ्या. एका आजोबांनी "टी जोडा" वाचून विचारलं होतं की कोणता चहा. त्यानंतर त्या शब्दाशेजारी आम्ही कायम भागाचं चित्र ठेवलं.

प्रत्येकाला शेवटी एकच प्रश्न विचारा: "आता मी निघून गेलो, तर तुम्ही हे काम सुरू कराल का?" नाही म्हणाले तर कोणत्या पडद्यावर धीर सुटला ते विचारा.

पायरी ८: बांधणी आणि प्रकाशन

हा भाग थोडक्यात सांगतो, कारण याची माहिती सगळीकडे मिळते. कागदावरून फिग्मामध्ये, म्हणजे पडदे संगणकावर काढायच्या साधनात, जा. आधी अँड्रॉइड करा, आपल्याकडे बहुतेक फोन तेच आहेत. फ्लटर किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्ह (एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनसाठी बांधणी करणारी साधनं) वापरलं तर पुढे आयफोनवर जाणं सोपं पडतं. गुगल प्लेवर नवं वैयक्तिक खातं असेल तर खुलं प्रकाशन करण्याआधी किमान १२ जणांना सलग १४ दिवस बंद, म्हणजे निवडक लोकांपुरत्या, चाचणीत ठेवावं लागतं. हे दोन आठवडे वेळापत्रकात आधीच धरा, नाहीतर मेचं अ‍ॅप जूनमध्ये येईल. खात्याची फी एकदाच, २५ डॉलर.

परवानग्या कमीत कमी मागा. कॅमेरा फोटो काढायच्या क्षणी मागा, फोनबुक मागूच नका. घराचे फोटो, गच्चीचं माप, गाव ही माणसाची खासगी माहिती आहे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीची भाषा साधी असावी असं सांगतो. मी तर फोटो फोनमध्येच ठेवतो आणि सर्व्हरवर काहीच नेत नाही. हिशेबाला फोटोची गरज नसते.

प्रकाशनानंतर कोणत्या पायरीवर माणसं अ‍ॅप बंद करून परत येत नाहीत ते मोजा, माणसाचं नाव न नोंदवता. आमच्याकडे माणसं फिरत्या एल्बोच्या पायरीवर अडत होती. फोटो वरून काढलेला होता आणि माणूस तो खालून, शिडीच्या पायाशी उभा राहून पाहत होता. आम्ही खालून फोटो काढला. पुढची दुरुस्ती गच्चीवरून पाणी जायच्या वाटांची आहे: पानं अडकून पाणी तुंबतं, तेव्हा मे अखेरीला पहिली आठवण "गच्चीच्या वाटा साफ करा" अशी जायला हवी आणि तिच्यासोबत जाळी बसवायची तीन पायऱ्यांची छोटी कृती. तिचे कागद सध्या काकूंकडे आहेत.